जबलपूर : दोन माणसं, दोन दिवस आणि सोळा हजार रुपये

मुंबई-पुण्याहून दोघांनी थर्ड एसीने जबलपूरला जायचं, दोन दिवस मनसोक्त फिरायचं, खायचं आणि परत यायचं, तर आजच्या घडीला १६ हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. स्लीपरने गेलात आणि शहरात बसने फिरलात, तर तेच साडेदहा-अकरा हजारांत बसतं. यातल्या दर दहा रुपयांतले सहा रुपये गाडीभाड्यात आणि खोलीत जातात. ज्यासाठी जबलपूरला जायचं, तो नर्मदेचा घाट, जुन्या शहरातलं खाणं, नवरात्रातल्या रात्री, हे सगळं उरलेल्या चार रुपयांत होतं, आणि त्यातलंही बरंचसं फुकट. म्हणून काटकसर करायची ती तारीख आणि तिकीट नीट साधून. जिलबीवर आणि नावेवर हात आखडता घेऊ नये.

जबलपूर आपल्याला परकं नाही. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे मध्य प्रांताच्या काळात नोकरी-वकिलीच्या निमित्ताने मराठी घरं इथे स्थिरावली. गोलबाजारात दत्त मंदिर आहे, महाराष्ट्र शाळा आहे. शहराला ‘संस्कारधानी’ हे नाव दिलं ते विनोबांनी. तरीही आपल्याकडची माणसं कान्हा-बांधवगडला जाताना इथे फक्त गाडी बदलतात, हे मला खरोखर खटकतं. दोन दिवस इथेच काढावेत असं हे शहर आहे.

आधी तारीख ठरवा, आणि ती कॅलेंडरवरच्या सुट्टीपेक्षा तिथीवरून ठरवा. नवरात्राचे शेवटचे तीन दिवस आणि दसरा हा जबलपूरचा सगळ्यात मोठा सोहळा. इथली दुर्गापूजा बंगाली आणि बुंदेली अशा दोन्ही वळणांची आहे. सराफ्यातल्या सुनरहाई आणि नुनहाईच्या देवी बुंदेली थाटाच्या. त्यांच्या अंगावर खरे सोन्या-चांदीचे दागिने असतात आणि त्यामुळे मंडपात बंदूकधारी पहाराही असतो. गोविंदगंजची रामलीला १८६५ पासूनची. दसऱ्याचा ‘चल समारोह’, म्हणजे मिरवणूक, जुन्या शहरातून रात्र रात्र चालतो. आपल्या घटावर जसं धान्य उगवतं, तसे गव्हाचे हिरवेगार ‘जवारे’ डोक्यावर घेऊन बायका विसर्जनाला निघतात. ते जवळून पाहायला गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की पुरतं. तिकीट नाही, पास नाही. जागोजागी भंडारे असतात. पानावर बसायचा आग्रह झाला तर संकोच करू नका, आणि निघताना दानपेटीत यथाशक्ती काही टाका.

दसऱ्यानंतर पाच दिवसांनी कोजागरी. त्या सुमाराला भेडाघाटला नर्मदा महोत्सव भरतो आणि संगमरवरी कड्यांवर पडलेलं चांदणं बघायला लोक लांबून येतात. सुट्टी मिळत असेल तर दसरा ते कोजागरी हा पट्टा उत्तम. मात्र खोल्यांचे दर या दिवसांत दीडपट-दुप्पट होतात, तेव्हा वरच्या सोळा हजारांत तीन-चार हजारांची भर धरा. तिसरा मोठा दिवस नर्मदा जयंतीचा, माघ शुद्ध सप्तमी, म्हणजे आपली रथसप्तमी. त्या दिवशी ग्वारीघाटावर पाय ठेवायला जागा नसते. गर्दी सोसत नसेल त्यांनी डिसेंबर-जानेवारी निवडावा. हवा छान, खोली स्वस्त, आणि बाजारात हिरव्या मटाराचे ढीग. जबलपूरचा मटार देशभर जातो; त्या दिवसांत इथे मटारची कचोरी खाल्ली नाही तर काहीतरी राहून गेलं समजा.

आता गाडी. मुंबईहून महानगरी एक्सप्रेस आणि प्रयागराजमार्गे जाणारी हावडा मेल, पुण्याहून पुणे-दानापूर एक्सप्रेस, या रोजच्या गाड्या. मुंबईहून जबलपूरची गरीब रथही आहे, पण ती रोज नसते. मुंबईहून प्रवास सोळा-सतरा तासांचा. पुण्याहून थोडा जास्त धरा. स्लीपरला माणशी साडेपाचशे-सहाशे, थर्ड एसीला चौदाशे-पंधराशे असा हिशेब धरा. विदर्भातल्यांची सोय जास्त चांगली. नागपूरहून जबलपूरला रात्रभरात पोहोचवणारी एक्सप्रेस आहे. गोंदिया-बालाघाट-नैनपूर हा जुना अरुंद मार्ग ब्रॉडगेज झाल्यापासून गोंदियाहूनही थेट जाता येतं. नागपूरहून स्वतःच्या गाडीने सिवनी-लखनादौनमार्गे साधारण पावणेतीनशे किलोमीटर होतात, पाच-सहा तासांचा रस्ता. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून सव्वासहाशे किलोमीटर, म्हणजे चाळीस लिटर पेट्रोल. टाकी नागपूरलाच भरून घ्या, मध्य प्रदेशात पेट्रोल सहसा महाग पडतं. चौघं असाल तर गाडी परवडते; दोघंच असाल तर रेल्वेच बरी.

खोलीसाठी शहराचे दोन भाग लक्षात ठेवा. स्टेशन ते नौदरा पूल-रसेल चौक या पट्ट्यात पंधराशे ते दोन हजारांत स्वच्छ खोली मिळते. मध्य प्रदेश पर्यटनाचं कलचुरी रेसिडेन्सी सिव्हिल लाइन्समध्ये आहे, त्याला याहून जास्त लागतात. भेडाघाटलाही त्यांचं मोटेल मार्बल रॉक्स आहे, पण तिथे मुक्काम केलात तर संध्याकाळचं शहर हातचं जातं. पहिल्या भेटीत शहरातच राहावं. दसऱ्याला जाणार असाल तर हा नियम आणखी कडक पाळा. जुन्या शहरात त्या रात्री वाहनं सोडत नाहीत, त्यामुळे चालत परत येता येईल इतक्या अंतरावर खोली हवी.

खोली घेताना तीन गोष्टी आधीच विचारून घ्या. एक, चेक-आउट दुपारी बाराचा की चोवीस तासांचा? तुमची गाडी पहाटे पोहोचत असेल, तर या एका प्रश्नाने अर्ध्या दिवसाचं भाडं वाचतं. दोन, सांगितलेला दर करासकट आहे का? सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. कुणी जुन्या सवयीने १२ टक्के लावत असेल तर बिल बघून हटका. तीन, नाश्ता धरलेला असेल तर तो वजा करून दर मागा. कारण जबलपूरमध्ये नाश्ता हॉटेलात करणं म्हणजे पैसे देऊन नुकसान करून घेणं आहे. आणि फक्त अंघोळ करून चार तास पाठ टेकायची असेल, तर स्टेशनवरची रिटायरिंग रूम तिकिटाच्या पीएनआरवर आधी आरक्षित करता येते.

नाश्ता रस्त्यावर करायचा. सकाळी सातपासून पोहे-जिलबीचे ठेले लागतात. वीस-तीस रुपयांत पोह्यांची बशी, वर शेव, कांदा, लिंबू, आणि शेजारी गरम जिलबी. इथले पोहे आपल्यासारखे फोडणीचे खमंग नसतात. वाफेवर मऊ ठेवलेले, किंचित गोडसर असतात. ज्यांना बसून, पंख्याखाली, वर्तमानपत्र चाळत खायचं आहे त्यांनी इंडियन कॉफी हाउस गाठावं. कामगारांच्या ज्या सहकारी संस्थेने मध्य प्रदेश-छत्तीसगडभर कॉफी हाउसं चालवली, तिचं मुख्यालय जबलपूरच. डोसा आणि कॉफी मिळून दोघांचं अडीचशे-तीनशेत होतं. तुरेवाल्या टोपीतले वाढपी अजून तसेच आहेत.

पण जबलपूरची खरी खूण म्हणजे खव्याची जिलबी. बडा फुहाऱ्याजवळ कमानिया गेट आहे. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभारलेली ही कमान. सुभाषबाबू अध्यक्ष होते तेच अधिवेशन. तिच्या सावलीत बडकुल हलवायांचं दुकान १८८९ पासूनचं. खवा आणि तवखीर मळून त्याची जाडसर वेटोळी तुपात सोडतात आणि सावकाश तळतात. रंग जवळजवळ काळपट येतो. हातात घेतली की पाकाने जड लागते. कुरकुरीतपणा शोधू नका, दाताखाली ती मऊ आणि दाणेदार लागते, चव गुलाबजामच्या घराण्यातली. मैदा नसल्याने उपासालाही लोक खातात. शंभर ग्रॅमला चाळीस-पन्नास रुपये धरा. दोघांना तेवढी पुरते, कारण पोट लगेच भरतं. घरी न्यायची असेल तर परतीच्या दिवशीच घ्या आणि दोन-तीन दिवसांत संपवा. सुट्या मिठाईच्या ताटावर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लिहिणं ऑक्टोबर २०२० पासून दुकानदारांना बंधनकारक आहे. दिसली नाही तर विचारा. आणि वजन खोक्याशिवाय करायला सांगा, मिठाईच्या भावाने पुठ्ठा विकत घेऊ नका. हे कुठल्या एका दुकानाबद्दल म्हणत नाही, देशभर लावून घ्यावी अशी सवय आहे.

संध्याकाळी याच भागात मुगाचे मंगोडे. भिजवलेली मूगडाळ जाडसर वाटून, आलं-मिरची घालून, हाताने सोडलेले छोटे गोळे, आणि सोबत हिरवी झणझणीत चटणी. तीस-चाळीस रुपयांत एक दोना. कढईसमोर उभं राहून, घाणा उतरला की लगेच खायचे. सदर बाजाराकडे चाट चांगली. जेवणात गक्कड-भरता मिळाला तर सोडू नका: गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, भाजल्या वांग्याचं भरीत, वर तूप. दोन माणसांच्या दिवसभराच्या खाण्याला हजार रुपये पुरतात, तेही हात न आखडता. बसून जेवायच्या हॉटेलात बिलावर ‘सेवा शुल्क’ लावलं असेल तर ते देणं तुमच्या मर्जीवर आहे, सक्ती करता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही हेच सांगितलं.

दुसरा दिवस भेडाघाटचा. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर. टॅक्सी दिवसाला दोन हजार-बावीसशे घेते. जाताना-येताना मदन महाल किल्ला, त्याच्या वाटेवरचा तोललेला खडक, आणि तिलवारा घाट त्यातच करून घ्या, हे आधी बोलून ठरवा. शहर बस, जिला इथे ‘मेट्रो बस’ म्हणतात, तिने माणशी पन्नासच्या आत काम होतं. मात्र परतीची शेवटची बस किती वाजता ते उतरतानाच विचारून घ्या.

पंचवटी घाटावरून नाव घ्यायची. सामायिक नावेत माणशी शंभर-दीडशे धरा. पूर्ण नाव घेतली तर हजाराच्या वर जाते, ती सहा-सात जण असाल तरच घ्या. दर घाटावर लिहिलेला असतो, तो वाचून मगच बसा, आणि लाइफ जॅकेट अंगात चढवल्याशिवाय नाव हलू देऊ नका. नावाड्यांचं यमकात बांधलेलं वर्णन ऐकण्यासारखं असतं. दोन्ही कडे इतके जवळ येतात की पूर्वी माकडं पलीकडे उडी मारत म्हणून तिथे ‘बंदर कूदनी’ म्हणतात. पुढे पांढऱ्या, करड्या, गुलाबी दगडांच्या वळणांत वाट कुठे संपते कळत नाही. सकाळी दहाच्या आत गेलात तर ऊन कड्यांवर तिरपं असतं आणि गर्दी कमी. पावसाळ्यात नावा बंद असतात. दसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आला असेल, तर त्या सुरू झाल्यात का हे हॉटेलात विचारून मगच तो दिवस ठरवा, कारण वरच्या बर्गी धरणातून पाणी सुटलं की नदी चढते.

धुआंधार धबधबा जवळच. कठड्यापर्यंत जायला काही लागत नाही. रोपवेचे जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे, आणि धबधबा समोरून बघायचा असेल तर ते वाजवी आहेत. नाणी टाका, मुलगा उडी मारून काढेल, असं कुणी म्हणेल. टाकू नका. त्या खडकांत मुलांचे जीव जातात. चौसष्ट योगिनी मंदिराला शंभरावर पायऱ्या चढून जावं लागतं; कलचुरींच्या काळातलं, दहाव्या शतकाच्या आसपासचं. नाव चौसष्टचं, पण गोल आवारात ८१ देवळ्या आहेत. शांतपणे एक फेरी मारायला अर्धा तास ठेवा.

वाटेवर संगमरवराच्या मूर्तींची दुकानं आहेत. विकतात तो दगड बऱ्याचदा मऊ शंखजिरा असतो. पायथ्याशी नखाने ओरखडा काढून बघा: ओरखडा उठला तर शंखजिरा, नाही उठला तर संगमरवर असण्याची शक्यता. मऊ दगडाचं काम वाईट नसतं, कारागीर हातचे कसबी आहेत. पण भाव त्या दगडाचा द्यायचा. शे-दोनशेचं शिवलिंग किंवा दिवा जरूर घ्या, तो पैसा त्याच गावात राहतो.

संध्याकाळ ग्वारीघाटाला ठेवा. सूर्यास्तानंतर नर्मदेची आरती रोज होते, फुकट. पानातला दिवा दहा-वीस रुपये. पलीकडच्या काठावर गुरुद्वारा आहे, नावेने तीस-चाळीस रुपयांत जाऊन लंगर घेऊन येता येतं. प्लास्टिकच्या द्रोणातला दिवा मात्र घेऊ नका, पानाचाच मागा.

एकूण मांडणी अशी: थर्ड एसीची चार तिकिटं ५,८००, दोन रात्रींची खोली करासकट ३,८००, टॅक्सी आणि रिक्षा २,८००, खाणं, गाडीतल्या जेवणासकट २,५००, नाव, रोपवे, पार्किंग ८००, घरी न्यायची मिठाई ५००. बेरीज १६,२००. रेल्वेचा दर्जा एक पायरी खाली आणला की साडेतीन हजार वाचतात, टॅक्सीऐवजी बस घेतली की आणखी दोन हजारांच्या आसपास. खोली अगदी स्वस्तातली घेऊन पैसे वाचवायचा मोह मात्र टाळावा. दोन दिवसांच्या सहलीत रात्रीची झोपच बिघडली तर दुसरा दिवस वाया जातो. बिलात घोळ झाला आणि बोलून सुटला नाही, तर बिलाचा फोटो काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. मराठीतही बोलता येतं.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. दसऱ्याला जायचं असेल तर आजच पंचांग काढा, साठ दिवस मागे मोजा आणि परतीचं तिकीट आधी पकडा. जायचं एक वेळ तत्कालमध्ये मिळेल, दसऱ्यानंतरचं परतीचं मिळणं कठीण.