रंगमंचाचा मागचा दरवाजा

दिवाळी सरून हवेत गारवा आला, की सोलापुरातील हौशी नाट्यसंस्थांना राज्य नाट्यस्पर्धेचे वेध लागतात. महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयातर्फे भरणाऱ्या या स्पर्धेची प्राथमिक फेरी राज्यातील निरनिराळ्या केंद्रांवर होते आणि सोलापूर हे त्यांपैकी एक केंद्र होय. येथील प्रयोग अनेक वर्षे हुतात्मा स्मृतिमंदिरात होत आले आहेत. १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांची स्मृती जपणारे हे सभागृह आहे. तिकीट नाममात्र असते. संध्याकाळी कामावरून परतलेली माणसे, महाविद्यालयीन मुले, लेकरांना घेऊन आलेल्या गृहिणी असा प्रेक्षकवर्ग तेथे जमतो. आणि प्रयोग संपवून घरी जाताना त्यांतील एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनात येते, ‘आपल्यालाही यात शिरता येईल काय?’

शिरता येते; मात्र बहुतेकजण समोरच्या दाराकडे पाहत उभे राहतात. नाटकात जाणे म्हणजे भूमिका मिळणे, अशी त्यांची समजूत असते. एका नाटकात पात्रे असतात सात-आठ आणि त्यासाठी इच्छुक असतात त्याच्या कितीतरी पट. शिवाय संस्थेतील जुन्या नटांचा हक्क आधी मानला जातो, आणि कधीकधी तो गुणांहून अधिकही मानला जातो, हे लपविण्यात अर्थ नाही. भूमिका न मिळाल्याने हिरमुसून परत गेलेला मुलगा पुन्हा त्या वाटेला जात नाही. वस्तुतः त्याच इमारतीला मागच्या बाजूस दुसरा दरवाजा असतो आणि तो सहसा उघडाच असतो.

‘हौशी’ या शब्दाचा अर्थ प्रथम नीट समजून घेतला पाहिजे. हौशी म्हणजे कच्चा नव्हे. ज्याचा चरितार्थ नाटकावर चालत नाही, तो हौशी. दिवसा तो शाळेत शिकवतो, पेढीत हिशेब लिहितो, यंत्रमागावर उभा राहतो किंवा दवाखाना चालवतो. पंढरपुरास जन्मलेले आणि सोलापुरात शालेय शिक्षण घेतलेले डॉ. जब्बार पटेल यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेने १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला, त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल होत. हेच पटेल व्यवसायाने मुलांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना दौंडला होता. त्या नाटकातील एका रांगेत उभी राहणारी माणसे कधी भिंत होत, तर कधी पडदा. मराठी रंगभूमीवर गाजलेल्या त्या दृश्यातील कित्येकांच्या वाट्यास स्वतंत्र असे एक नावही आलेले नव्हते.

मागच्या दाराने आलेल्यास पहिले काम बहुधा वस्तू सांभाळण्याचे मिळते. नाटकवाले त्यास ‘प्रॉपर्टी’ म्हणतात. दुसऱ्या अंकात नायकाने खिशातून पत्र काढून वाचावयाचे असेल, तर ते पत्र त्याच्या खिशात आहे की नाही, हे पडदा उघडण्यापूर्वी कोणीतरी पाहिलेले असावे लागते. चष्मा, काठी, चहाचे पेले, औषधाची बाटली यांची यादी करून, ज्या बाजूने पात्र प्रवेश करणार त्या बाजूच्या विंगेत त्या मांडून ठेवाव्या लागतात. काळोखात खुर्ची हलवावयाची असल्यास तिची जागा आधीच जमिनीवर चिकटपट्टीने आखून घेतात. वीतभर चूक झाली, तर नट उजेडाबाहेर बसतो.

प्रकाशयोजनेच्या कामात सोलापूरच्या मुलास एक सोय आहे. या गावात कापडाचे आणि रंगाचे ज्ञान घराघरांत आहे. लाल कापडावर निव्वळ हिरवा उजेड पडला, तर ते काळे दिसते. कारण लाल रंगास परत फेकण्यासारखे त्या उजेडात काहीच नसते. ही गोष्ट शास्त्राच्या पुस्तकात एका ओळीत येते. पण नायिकेचा लाल शालू ऐन लग्नाच्या प्रसंगी काळा झालेला रंगीत तालमीत पाहिला, म्हणजे ती कायमची ध्यानात राहते. मग वेशभूषा आणि प्रकाश पाहणाऱ्यांनी एकमेकांस विचारल्याशिवाय काही ठरवू नये, हेही आपोआप कळते.

सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी गाजणारे काम प्रॉम्प्टरचे. हातात संहिता घेऊन तो विंगेत उभा असतो. नट वाक्य विसरला की पुढचा शब्द त्याने हळूच पुरवावयाचा. हे ऐकावयास सोपे वाटते. परंतु नट कधी विसरल्यामुळे थांबतो, तर कधी अर्थासाठी थांबतो. बापाच्या मृत्यूची बातमी ऐकून मुलगा चार क्षण गप्प उभा आहे आणि प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता आहे, अशा वेळी विंगेतून पुढचे वाक्य ऐकू आले तर सारा प्रसंग फुकट जातो. उलट, नट खरोखरच अडला असता प्रॉम्प्टर गप्प राहिला, तरीही तेच होते. हा भेद संहितेत छापलेला नसतो. तो कळण्यास पहिल्या वाचनापासून प्रत्येक तालमीस हजर राहावे लागते. म्हणूनच प्रयोगाच्या आदल्या दिवशी एखादा नट तापाने अंथरुणास खिळला, की दिग्दर्शकाची नजर प्रथम प्रॉम्प्टरकडे वळते. सर्वांची वाक्ये आणि सर्वांच्या जागा ठाऊक असलेला मनुष्य तोच असतो. कित्येकांच्या पहिल्या भूमिका अशाच उभ्या राहिल्या आहेत.

सोलापुरात आणखी एका गोष्टीने मुले मागे हटतात. येथे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषा घरोघरी बोलल्या जातात. आपले मराठी लोकांस हसू आणील, ही भीती पुष्कळांच्या मनात असते. भीती अगदीच खोटी नाही. ‘चमचा’तील च आणि ‘चंद्रा’तील च यांचे उच्चार वेगळे आहेत, ते चुकले की कानास खटकतात. पण हे सवयीने साधते. तेलुगू घरातील मुलास ‘चमचा’तील च घरच्या भाषेतच भेटलेला असतो. कन्नड मुलास ळ शिकवावा लागत नाही. उर्दू बोलणाऱ्यास ळ काहीसा जड जातो, पण भाषेतील आर्जव त्याने घरूनच आणलेले असते. याच सोलापुरात जन्मलेल्या फैय्याज यांनी १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकात झरीनाची भूमिका केली आणि २०१५ मध्ये बेळगाव येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. तालमीस चार महिने रोज मोठ्याने वाचणाऱ्याचा उच्चार सुधारतो. घरी बसून लाजणाऱ्याचा सुधारत नाही.

मुलींच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. तालमी लोकांची कामे आटोपल्यावर, म्हणजे रात्रीच सुरू होतात आणि रेंगाळतात. घरचे नको म्हणतात, त्यात त्यांचे सर्वस्वी चुकते असे नाही. ज्या संस्थेत तालीम संपण्याची वेळ ठरलेली आहे, मुलींना घरी पोहोचविण्याची व्यवस्था आहे आणि पालकास केव्हाही येऊन बसण्याची मुभा आहे, त्या संस्थेची निवड करावी. संस्थेने बक्षिसे किती मिळविली, ही चौकशी त्यानंतर करता येईल.

शाळकरी मुलांसाठी राज्य शासनाची बालनाट्य स्पर्धा वेगळी असते. कामगार व त्यांच्या कुटुंबीयांसाठी महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ नाट्यस्पर्धा घेते. महाविद्यालयात गेल्यावर एकांकिका स्पर्धा आहेतच. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. यांपैकी कोठेही आरंभ करावा. संस्थेच्या चिटणीसास भेटताना ‘मला काम द्या’ असे मोघम न सांगता आपणास काय येते ते सांगावे: सुतारकाम, शिवण, विजेची जोडणी, चित्रकला, किंवा नुसते सुवाच्य अक्षर. सुवाच्य अक्षरासही काम असते. आणि कबूल केलेल्या वेळी यावे. हौशी संस्थेत कोणासही पगार नसल्यामुळे कोणाचा पगार कापता येत नाही. एकजण आला नाही तर उरलेले दहाजण कामधंदा सोडून आलेले, तसेच बसून राहतात. उत्तम संहिता हाती असूनही केवळ यामुळे संस्था मोडतात.

अतुल कुलकर्णी हे सोलापूरच्या ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेतून पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले आणि १९९५ साली तेथील शिक्षण पुरे करून चित्रपटांत नावारूपास आले. असे थोड्यांच्या बाबतीत घडते. बाकीचे दुसऱ्या दिवशी सकाळी आपापल्या कामावर जातात. मात्र त्याआधी, रात्री पडदा पडल्यावर, नेपथ्याच्या चौकटी सोडवून टेंपोत चढवावयाच्या असतात, दिव्यांच्या तारा गुंडाळावयाच्या असतात आणि पेले, काठी, चष्मा यादीशी ताडून पेटीत भरावयाचे असतात. नट तोंडाचा रंग पुसत असताना हे काम चालते. पेटीला कुलूप लागेपर्यंत जो थांबतो, त्याला पुढच्या नाटकाचे वाचन कोणत्या दिवशी आहे, ते तेथेच सांगितले जाते.