राखण पिकाची आणि वाघाचीही



सोयाबीन शेंगांनी भरले की शिरड शहापूर आणि औंढा तालुक्यातील गावांत रात्रीची जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक लोळवतो. रोही तुरीचे शेंडे खातात. ज्याला परवडते तो शेताला कुंपण घालतो. डोंगरकडेला एक-दोन एकर कोरडवाहू असलेले आंध कुटुंब मात्र बॅटरी आणि रिकामा डबा घेऊन मचाणावर बसते. दिवसा मजुरी, रात्री जागल. आजचा पाठ या कुटुंबाविषयी आहे, आणि आपल्याच रानातून गेलेल्या एका वाघाविषयीही.

यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात २०१९ साली रेडिओ कॉलर बसवली गेली. नवे रान शोधत तो निघाला. तेलंगणाची हद्द ओलांडून, नांदेड, हिंगोली, वाशीम असे जिल्हे पार करत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढील भटकंती धरून तो सुमारे ३,००० किलोमीटर चालला. लोक त्याला ‘वॉकर’ म्हणू लागले. शेते, ओढे आणि रस्ते ओलांडताना तो बहुधा रात्रीच चालला. झुडपात विसावलेला असताना माणसे आत शिरली, तेव्हा मात्र इजा झाली. एवढ्या लांबच्या वाटेत त्याने माणसाला टाळण्याचाच प्रयत्न केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

वाघाला जिल्ह्याची सीमा कळत नाही, तशी देशाचीही नाही. म्हणून त्याच्या रक्षणासाठी देशांना एकत्र यावे लागते. वन्यप्राण्यांच्या व्यापारावर बंधन घालणाऱ्या ‘साइटीस’ करारात भारत १९७६ साली सामील झाला. २०१० साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे वाघ असलेल्या १३ देशांनी वाघांची संख्या दुप्पट करण्याचे ठरवले. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे झालेल्या जैवविविधता करारात माणूस आणि वन्यप्राणी यांच्यातील संघर्ष कमी करणे हेही उद्दिष्टांत घेतले गेले.

हे सर्व चांगलेच आहे. पण करार मोठ्या शहरांत होतात आणि त्यांची किंमत मचाणावर बसलेला माणूस मोजतो. त्याचा भार हलका झाला नाही, तर तो एक दिवस कुंपणात वीज सोडतो. त्या तारेला रानडुक्कर चिकटते, तसा शेजाऱ्याचा मुलगाही चिकटू शकतो.

शासनाची मदत आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये मिळतात. पीक व जनावरांच्या नुकसानीचीही भरपाई आहे. त्यासाठी वनविभागाला ताबडतोब कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. पण ज्याला अर्ज लिहिता येत नाही, तालुक्याला गेल्यास ज्याची मजुरी बुडते, तो या मदतीपर्यंत पोहोचतच नाही. आपली सेवा नेमकी इथे लागते: अर्ज लिहून देणे, सातबारा व पासबुक जुळवणे, सोबत कार्यालयात जाणे.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्यावर बागेची दोन कामे सोपवली आहेत: मशागत आणि राखण. आपल्या भागात राखण म्हणजे पीक सांभाळणे. पण बाग म्हणजे नुसते पीक नव्हे. त्यात रानही येते, रानातले प्राणीही येतात. राखणीचे हे काम साऱ्यांचे आहे, ते सर्वांत गरीब माणसाच्या एकट्याच्या खांद्यावर टाकणे योग्य नाही.

चर्चेसाठी प्रश्न
१. आपल्या ओळखीत कोणाचे पीक यंदा प्राण्यांनी खाल्ले? त्याने अर्ज केला का? नसेल तर का नाही?
२. विजेच्या तारेचा धोका आपण शेजाऱ्याला कसा समजावून सांगू?
३. जागलीच्या दिवसांत एखाद्या कुटुंबाला आपली मंडळी कोणती मदत करू शकेल?

या आठवड्यात जागलीला बसणाऱ्या निदान एका घरी जाऊन या, आणि त्यांच्यासाठी नावाने प्रार्थना करा.