चिनी प्रवाशाची खरेदी

२०१५ साली जपानमध्ये ‘बाकुगाई’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. त्याचा अर्थ झपाटल्यासारखी केलेली खरेदी. टोकियोच्या गिंझा भागात चिनी प्रवाशांच्या बसगाड्या थांबत आणि परतताना त्यांत विजेवर भात शिजविण्याची भांडी, औषधे, सौंदर्यप्रसाधने, इतकेच नव्हे, तर शौचालयाची गरम होणारी आसनेही खोक्याखोक्यांनी चढत. गंमत अशी, की यांतील काही वस्तू चीनमध्येच तयार झालेल्या असत. मग त्यांसाठी समुद्र ओलांडण्याचे कारण काय?

एक कारण उघड आहे. परदेशी मालावर चीनमध्ये आयात शुल्क व इतर करांचा बोजा असे. तोच माल बाहेर स्वस्त पडे. दुसरे कारण विश्वासाचे. २००८ साली चीनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन हे रसायन मिसळल्याचे उघडकीस आले. सहा बालके दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. त्यानंतर हाँगकाँगला गेलेले प्रवासी दुधाचे डबे घेऊन परतू लागले. तेथील आईबापांनाच भुकटी मिळेनाशी झाली, तेव्हा १ मार्च २०१३ पासून माणशी दोनच डबे बाहेर नेण्याचे बंधन तेथील सरकारने घातले. अशा खरेदीला चैन कसे म्हणावे?

चिनी नागरिकांना स्वखर्चाने परदेशी सहलीस जाता यावे, यासाठी सरकारने १९९७ मध्ये नियम केले. सहली मान्यताप्राप्त देशांतच आणि गटानेच काढावयाच्या होत्या. पुढे उत्पन्न वाढले, तशी संख्याही वाढली. २०१२ मध्ये परदेश प्रवासावरील खर्चात चीन जगात पहिला ठरला. २०१९ मध्ये हाँगकाँग व मकाव धरून सुमारे साडेपंधरा कोटी प्रवास झाले आणि खर्च अडीचशे अब्ज डॉलरांवर गेला.

मात्र परवानगी देणारे सरकार ती काढूनही घेऊ शकते. दक्षिण कोरियाने अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा आपल्या भूमीवर उभारू दिली, म्हणून मार्च २०१७ मध्ये तेथील गटसहली चीनने थांबविल्या. २०१६ मध्ये ऐंशी लाखांवर चिनी प्रवासी कोरियात आले होते; २०१७ मध्ये ते जवळपास निम्मेच राहिले. सोलच्या म्योंगदोंग बाजारातील दुकानदारांनी चिनी बोलणारे विक्रेते नेमले होते, चिनी पाट्या लावल्या होत्या. क्षेपणास्त्रांच्या त्या वादात त्यांचा काय अपराध होता? गटसहलींवरील ही बंदी पूर्णपणे उठली ती ऑगस्ट २०२३ मध्ये.

मधल्या काळात करोनाची साथ आली. जानेवारी २०२० मध्ये परदेशी गटसहली बंद झाल्या. जानेवारी २०२३ मध्ये सीमा पुन्हा खुल्या झाल्या, तेव्हा प्रवाशाची रीत पालटू लागली होती. गटाऐवजी एकटेदुकटे हिंडणे आणि खरेदीपेक्षा खाण्यापिण्यावर व प्रेक्षणीय स्थळांवर खर्च करणे तरुणांना अधिक रुचू लागले. शिवाय चीनने जुलै २०२० मध्ये आपल्या हाइनान बेटावरील करमुक्त खरेदीची मर्यादा माणशी वर्षाला तीस हजार युआनवरून एक लाखावर नेली. त्यामुळे परदेशी अत्तर स्वस्तात घेण्यासाठी चिनी माणसाला पासपोर्ट काढण्याची गरज उरली नाही.