नोड ‘चालू’ आहे, पण हजर आहे का?

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आम्ही इथेरियमच्या टेस्टनेटवर एक व्हॅलिडेटर नोड उभा केला होता. डेमोच्या आदल्या रात्री बघतो तर बॅलन्स हळूहळू कमी होतोय! प्रोग्रॅम तर चालू दिसत होता. मग बिघडलं काय?

आधी थोडी थिअरी. 15 सप्टेंबर 2022 पासून इथेरियमवर मायनिंग बंद झालं. आता निदान 32 ईथर तारण ठेवलेले व्हॅलिडेटर ब्लॉक तपासून मत देतात. (टेस्टनेटवरच्या ईथरला किंमत नसते, म्हणून आपल्याला परवडतं!) 12 सेकंदांचा एक स्लॉट, 32 स्लॉटचा एक इपॉक, म्हणजे 6.4 मिनिटं. दर इपॉकला प्रत्येकाने एकदा मत द्यायचं. थोडक्यात, हजेरी लावायची.

स्टेटस तपासताना तीन प्रश्न विचारायचे:

1) मस्टरवर नाव आहे का? बीकन नोडच्या एपीआयला व्हॅलिडेटरचा नंबर दिला की स्टेटस कळतं. ‘पेंडिंग’ म्हणजे अजून रांगेत, ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे नाव लागलं. आमचं ‘ॲक्टिव्ह’च होतं. पण मस्टरवर नाव असणं म्हणजे वर्गात असणं नव्हे!

2) हजेरी लागते का? मागच्या काही इपॉकमधली मतं आणि बॅलन्स बघा. मत चुकलं की दंड होतो. आमची सगळी मतं चुकत होती.

3) नोड नेटवर्कच्या बरोबर आहे का? सिंकिंगच्या उत्तरात ‘सिंक डिस्टन्स’ शून्याच्या आसपास हवा आणि ‘ईएल ऑफलाइन’ फॉल्स हवं. आमच्याकडे ते ट्रू! एक्झिक्युशन क्लायंट बंद पडला होता, कारण डिस्क फुल्ल.

हे सापडायच्या आधी रूममेट म्हणाला, “अरे, तीच की माझ्या लॅपटॉपवर टाक, सुटशील!” मी टाकणारच होतो. पण ही तर प्रॉक्सी! एकाच कीवर दोन मशीन चालली आणि एकाच इपॉकसाठी दोन वेगळी मतं गेली, तर ‘स्लॅशिंग’ होतं. तारणातला हिस्सा कापला जातो आणि त्या व्हॅलिडेटरला कायमचं बाहेर काढतात. गैरहजेरीचा दंड मात्र किरकोळ, चुकलेल्या बक्षिसाएवढाच साधारण.

पहाटे जुने लॉग उडवले, क्लायंट सुरू केला, सिंक होईपर्यंत चहा मारला. हजेरी लागली, डेमोही झाला.

तेव्हा दोस्तांनो, एखादं लेक्चर बुडालं तर बुडू द्या, पण प्रॉक्सी लावू नका. निदान ब्लॉकचेनवर तरी!