भाठ्यावरचे शिकारी

अगं, पोरांनी मांसाहारी झाडाचा हट्ट धरलाय आणि तू व्हीनस फ्लायट्रॅपची कुंडी मागवतेयस, असं आई म्हणाली. थांब जरा. ते झाड अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या दलदलीतलं. त्याला क्षार सोसत नाहीत, पावसाचं पाणी लागतं. छत्तीसगडातल्या जामुलच्या मे महिन्यात बोअरच्या पाण्यावर ते किती दिवस तग धरेल?

त्यापेक्षा पाऊस ओसरू लागला की पोरांना बाहेर काढ. घरातून सिमेंट कारखान्याच्या चिमण्या दिसतात म्हणून आसपास बघण्यासारखं काही नाही, असं धरून चालू नकोस. छत्तीसगडी शेतकरी जमिनीची नावं सांगतो: कन्हार, डोरसा, मटासी, भाठा. त्यातली भाठा लाल, मुरमाड, निकस. धान तिथे धड येत नाही. कीटकभक्षी वनस्पतींचं मात्र अशा उपाशी, ओलसर मातीतच फावतं. मातीत नत्र नाही, मग ते किड्यांच्या अंगातून काढायचं. हे पोरांना सांगून टाकू नकोस हं. आधी विचार, "हिला किडे कशाला लागत असतील?" राक्षसी झाडाच्या गोष्टी तर मुळीच नकोत. जेवण ती इतर झाडांसारखी उन्हावरच बनवते. किडा हे तिचं खत.

सुरुवात तरियापासून, म्हणजे गावतलावापासून कर. पाण्याबाहेर इवली पिवळी फुलं डोकावणारा तलाव कुठला, ते गावातल्या एखाद्या सियान, म्हणजे जाणत्या माणसाला विचार. ती फुलं युट्रिक्युलेरिया या कीटकभक्षी पाणवनस्पतीची असतील, तर तिला मूळ नसतंच. पाण्यात नुसते धागे, आणि त्यांना खसखशीएवढ्या पिशव्या. थोडं पाणी नि एक धागा पांढऱ्या ताटलीत घ्या, भिंग लावा. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून चपटी होऊन बसते. दाराजवळच्या केसाला पाणपिसू लागली की दार उघडतं, ती पाण्यासकट आत ओढली जाते. सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपासचा खेळ, डोळ्याला दिसायचा नाही. पण पिशवीत काळा ठिपका दिसला की धाकट्याला बरोबर कळेल. बघून झालं की पाणी परत तलावात. आणि काठावर तू हवीसच, शेवाळ फार निसरडं असतं.

दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा, भाठ्यावर जिथे पाणी झिरपतं तिथे शोधा. मिळेलच असं नाही, पण शोधण्यातच पोरांची सकाळ जाईल. रुपयाएवढा लालसर झुबका, पानांवर चिकट थेंब. सापडलाच, तर मोठीला डार्विनचा प्रयोग करू दे. त्याने १८७५ साली या वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. पानांवर काचेचे कण ठेवले, मांसाचे आणि अंड्याच्या पांढऱ्याचे तुकडेही ठेवले. नत्र असलेल्या तुकड्यांना पान जास्त वेळ धरून बसलं. तिने एका पानावर वाळूचा कण ठेवावा, दुसऱ्यावर उकडलेल्या अंड्याचा कण, आणि वहीत वेळ लिहावी. दोनच पानं, बाकीच्यांना हात नाही, उपटून घरी तर नाहीच.

पुढच्या सप्टेंबरात साताऱ्याला आलात तर कासला जाऊ. तिथे सीतेची आसवे पठारावर निळीजांभळी पसरलेली असतात, तीही याच युट्रिक्युलेरियाच्या कुळातली, फक्त पिशव्या ओल्या मातीत दडवलेल्या. पण तलाव पाहिलेल्या पोरांनाच तिथे मजा येईल. नाहीतर फोटो काढून गाडीत बसतील.

काही सापडलं तर फोटो पाठव. फुलाचा एक, पानाचा एक. नुसत्या पिवळ्या ठिपक्यावरून मी काय ओळखणार?