जुन्या कॉम्प्युटरचा संसार नव्यावर नेताना



विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. भोपाळच्या आपल्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर त्यावरच चालायचा, म्हणून नवा घेतला. पण जुन्यात सभासदांची यादी, मासळीचा हिशोब, आधार-पासबुकच्या प्रती, सगळंच होतं. मोठ्या तलावावर कुणाला अपघात झाला, तर मत्स्य संपदा योजनेतल्या विम्यासाठी (मृत्यू झाल्यास ५ लाख) घरच्यांना कागदच शोधावे लागतात. म्हणून आम्ही काय केलं, ते क्रमाने सांगतो. घरी बोटीचा हिशोब ठेवणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

१. आधी चूक सांगतो. पहिल्यांदा आम्ही डेस्कटॉपवरची चिन्हं पेनड्राइव्हवर घेतली. नव्यावर एकही उघडेना! ते नुसते शॉर्टकट होते. शॉर्टकट म्हणजे पाण्यावरचा बोया, जाळं खालीच राहतं. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स आणि डी ड्राइव्ह ही पूर्ण फोल्डरं घ्या.

२. एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट पद्धतीची हार्ड डिस्क वापरा. कॉपी झाली की दोन्हीकडे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या जुळवा.

३. जुनी पत्रं कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतील, तर फॉन्टशिवाय नव्यावर खिचडी दिसते. फॉन्टही न्या. नवं काम मात्र युनिकोडमध्येच करा.

४. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या आणि नव्यावर रिस्टोर करा. जुन्यावरचं लायसन्स आधी सरेंडर करायला विसरू नका. प्रोग्राम कॉपी होत नाहीत, ते नव्याने टाकावे लागतात.

५. डिजिटल सहीची चावी टोकनमध्येच असते. नव्यावर फक्त त्याचा ड्रायव्हर टाकायचा.

६. सगळ्यात महत्त्वाचं: ईमेल, बँक आणि सरकारी पोर्टल यांचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? आमच्याकडे एक खातं जुन्या सचिवांच्या नंबरवर निघालं. जुन्या कॉम्प्युटरवर लॉगिन चालू होतं, म्हणून नंबर लगेच बदलता आला. आधी हे तपासा, मगच जुन्यावरून लॉगआउट करा. पासवर्ड वहीत लिहून कपाटात कुलपात ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका.

७. जुना कॉम्प्युटर महिनाभर तसाच ठेवा. एक महिन्याचा हिशोब नव्यावर नीट निघाला, की मग रीसेटमध्ये ‘सगळं काढा’ निवडून ड्राइव्ह पूर्ण साफ करा. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं, आणि त्यात आपल्या माणसांचे आधार नंबर आहेत. भंगारवाल्याला द्यायचा तो त्यानंतरच.

आणि एक प्रत हार्ड डिस्कवर, ऑफिसबाहेर दुसऱ्या घरी ठेवा. नाव बुडाली तरी हिशोब बुडता कामा नये.

अडलं तर कमेंटमध्ये विचारा, नाहीतर ऑफिसात या. शेजारी बसून करून देऊ.