मोटारसायकलचा वेग आणि पेट्रोलचा खर्च

भेटीच्या रविवारी वसतिगृहाच्या फाटकाबाहेर पालकांच्या मोटारसायकली ओळीने उभ्या असतात. मुलाच्या अभ्यासाची चौकशी संपली की बोलणे हमखास पेट्रोलवर येते. ‘‘सर, गाडी अ‍ॅव्हरेजच देत नाही.’’ गाडीत दोष शोधण्यापूर्वी आम्ही एवढेच विचारतो, काटा कितीवर असतो?

नववीच्या वर्गात हाच प्रश्न आम्ही उदाहरण म्हणून सोडवून घेतो. धावत्या गाडीला मुख्यतः दोन रोध अडवतात. टायर व रस्ता यांमधील रोध वेगानुसार फारसा बदलत नाही. शंभर सीसीची गाडी आणि स्वार मिळून १९० किलो धरले, तर तो सुमारे ३० न्यूटन भरतो. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताठ बसलेल्या स्वाराला तो ताशी ४५ किमी वेगाला अंदाजे ५५ न्यूटन, ६० ला १०० आणि ९० ला २२० न्यूटन होतो. वेग दुप्पट, रोध चौपट! दोन्ही रोधांची बेरीज केल्यास ४५ वरून ६० वर जाताना प्रत्येक किलोमीटरमागे चाकांना दीडपट ऊर्जा द्यावी लागते. ९० च्या वेगाला आठ अश्वशक्तींहून अधिक शक्ती लागते; म्हणजे अशा गाडीचे जवळजवळ सारे बळ.

मग विसाच्या वेगाने जावे काय? तसेही नाही. इंजिनाला स्वतः फिरत राहण्यासाठीच काही पेट्रोल लागते, आणि हळू गेल्यास तो खर्च थोड्या किलोमीटरांवर पडतो. शिवाय अगदी हलक्या भारावर इंजिनाची कार्यक्षमता घटते. याच कारणामुळे ६० ला ऊर्जा दीडपट लागली, तरी पेट्रोल तितके वाढत नाही. लहान गाडीला टॉप गिअरमध्ये ४० ते ५० चा स्थिर वेग बहुधा सर्वांत मानवतो.

तेलटंचाईनंतर १९७४ साली अमेरिकेने महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किमीची, वेगमर्यादा आणली, तीही इंधन वाचविण्यासाठीच. लोकांना ती आवडली नाही, हेही सांगितले पाहिजे.

कारण वेळेचीही किंमत असते. समजा, गाव ६० किमीवर आहे आणि गाडी ६० च्या वेगाने लिटरला ५० किमी, तर ४५ च्या वेगाने ६० किमी देते. एका खेपेत २०० मिलिलीटर पेट्रोल वाचते. पण २० मिनिटे जास्त लागतात. महिन्यातून एकदा लेकराला भेटणाऱ्या बापाने ती मिनिटे कोठून काढावीत, हे आम्ही ठरवू शकत नाही. रोज कारखान्यात जाणाऱ्या माजी विद्यार्थ्याचा हिशेब वेगळा असेल. उताराला इंजिन बंद करून गाडी सोडण्याची काहींची काटकसर मात्र आम्हांला मुळीच मान्य नाही. तेथे इंजिनाचा रोधच ब्रेकला साथ देतो.

आकडे आमचे मानू नयेत. टाकी भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, दोनशे किमी एकाच बेताच्या वेगाने चालवून त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरावी. पुढच्या खेपेस वेग बदलावा. दोन्ही आकडे भेटीच्या रविवारी आणल्यास वर्गातील फळ्यावर मांडता येतील.